फाळका उघडल्यावर

गेल्या हिवाळ्यात माझा पुण्याचा पुतण्या राजुरीला आला तो नवी गाडी दाखवायला. गाडी तशी चारचौघांसारखीच. पण मागचं दार वर उचललं की आत एक कपाटच उभं केलेलं. एक खण ओढला की दोन चुलींची गॅसची शेगडी बाहेर येते. दुसरा ओढला की ताटं, वाट्या, चमचे, सगळे आपापल्या मापाच्या खाचेत बसलेले. कडेला बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज, त्याच्या शेजारी तोटी लावलेली पाण्याची टाकी, टपावर घडीचा तंबू. उन्हाळ्यात ही गाडी घेऊन स्पिती खोऱ्यात जायचं आणि महिनाभर कुठल्याही हॉटेलची पायरी चढायची नाही, असा त्याचा बेत. त्या लाकडी खणांना किती पैसे पडले ते त्याने सांगितलं. तेवढ्यात आमच्याकडे एक चांगली दुभती म्हैस दावणीला आली असती. पण हौसेला मोल नसतं हे मी चाळीस वर्षांच्या कर्जवाटपात शिकलो आहे, त्यामुळे गप्प राहिलो.

गाडीभोवती पोराटोरांची गर्दी जमली. शेजारच्या आक्काही गुडघ्यांवर हात ठेवत, हळूहळू आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई. त्यांनी एक खण ओढून पाहिला, पुन्हा ढकलला, तोटी उघडून पाणी येतं का ते बघितलं. पुतण्या मोठ्या आदराने एकेक वस्तू समजावून देत होता. सगळं ऐकून घेतल्यावर आक्कांनी एकच विचारलं :

"समदं ब्येस हाये. पन केरसुनी कुठंय?"

पोरं हसली. पुतण्याही हसला. मी मात्र हसू शकलो नाही. कारण हाच प्रश्न याच बाईंनी मला सासवडच्या तळावर एका रात्री विचारला होता, आणि त्या रात्री माझ्यामुळे ऐंशी माणसं मध्यरात्रीपर्यंत उपाशी होती.

ती हकीकत सांगण्याआधी थोडं आमच्या रस्त्याविषयी सांगायला हवं. राजुरीच्या अंगावरून कल्याण-नगर रस्ता जातो. नगर जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. पण रस्ता लोकांच्या तोंडी अजून नगर रस्ताच आहे. पश्चिमेला आळेफाटा. तिथे पुणे-नाशिक रस्ता आडवा येतो. त्यापुढे ओतूर, माळशेज घाट आणि घाट उतरला की कोकण. पूर्वेला बेल्हे, आणे आणि मग नगरचं पठार. निवृत्तीनंतर मी इथे राहायला आलो तेव्हा कादंबरी लिहायला शांतता मिळेल अशी कल्पना होती. शांतता मिळाली नाही, पण ओटीवर बसल्या बसल्या बघायला रस्ता मिळाला. या रस्त्याने वर्षभर माणसं आपलं घर बरोबर घेऊन जाताना दिसतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपण घरं बदलणाऱ्या नोकरदारांना लावतो. खरी बिऱ्हाडं पाहायची तर अशा रस्त्यावर यावं.

दिवाळी झाली की मेंढरं घेऊन धनगर घाटाकडे निघतात. पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. पुरुष मेंढरांबरोबर रानातून चालतात आणि बिऱ्हाड लादलेली घोडी बायका पुढे नेतात. त्या घोड्याकडे कधी नीट बघा. दोन्ही बाजूंना सारखं वजन. एका अंगाला दोन किलो जास्त झालं तरी खोगीर फिरतं आणि घोडं अडतं. तळाशी धान्य, त्यावर वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, त्यावर अंथरूण, भांडी, आणि सगळ्यांत वर आदल्या दिवशी जन्मलेली कोकरं आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. जीव असलेली चीज शेवटी चढते आणि पहिली उतरते. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

त्याच सुमाराला विघ्नहर कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोडीची माणसं येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, बाजरीची पोती, कोपीचे बांबू आणि त्यावर बसलेली लेकरं. मग यात्रांचा हंगाम येतो. नारायणगाव इथून जवळ. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे नारायणगाव. विठाबाई २००२ साली गेल्या, पण गुढीपाडव्याच्या सुमाराला यात्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे पुढारी अजून नारायणगावच्या राहुट्यांमध्येच येतात. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. तंबू, कनाती, जनरेटर, कपड्यांच्या पेट्या आणि एवढ्या तोंडांचा स्वयंपाक, हे सगळं ट्रकांत भरून फड रोज गाव बदलतो. रात्री खेळ, पहाटे भरणी, दुपारी नवं गाव. आदल्या रात्री वग करून जागलेल्या माणसाला सकाळी कढई शोधायला लागली तर फड चालायचा नाही.

आणि ज्येष्ठ महिन्यात निघतात त्या दिंड्या. आमच्या शेजारच्या आळ्याला, ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं परंपरा सांगते, त्या रेड्याची समाधी आहे. त्यामुळे या बाजूला वारी घराघरांत आहे. दिंडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पताका, टाळ, तुळशीवृंदावन येतं. पण प्रत्येक दिंडीच्या मागे-पुढे एक ट्रक असतो, त्याच्याविषयी फारसं कुणी लिहीत नाही. राहुट्या, अंथरुणं, शिधा, भांडी, गॅस आणि ऐंशी माणसांच्या ऐंशी पिशव्या त्या ट्रकात असतात. माणसं चालतात, त्यांचं घर ट्रकातून जातं. सध्याच्या पालखी सोहळ्याची घडी हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात बसवली. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. रथापुढे कितव्या आणि रथामागे कितव्या क्रमांकाची दिंडी, हा सगळा क्रम त्यांच्या शिस्तीतून आलेला आहे असं मानतात. दिंडी कुठे चालेल हे ठरलेलं आहे. ट्रकात कढई कुठे राहील हे मात्र ज्याने त्याने शोधून काढायचं.

*

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षं करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. २०२२ साली वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा आमच्या भागातल्या एका लहानशा दिंडीत एक अडचण उभी राहिली. ट्रक भरणारे दोघे जुने गडी राहिले नव्हते. एकजण मधल्या काळात गेला, दुसरा मुलाकडे मुंबईला. बैठकीत कुणीतरी माझं नाव सुचवलं. साहेब बँकेत होते, हिशोबाचे पक्के, सामानाची जबाबदारी त्यांच्याकडे द्या. मलाही ते आवडलं. खोटं कशाला बोला, मला वाटलं की या लोकांना इतकी वर्षं पद्धत अशी कुणी लावूनच दिलेली नाही. ती मी लावून देईन.

बैठकीला सगळे पुरुष होते, हे मला तेव्हा खटकलं नाही.

मी चार फुलस्केप कागदांवर यादी केली. धान्य, किराणा, भांडी, हत्यारं, तंबूचं सामान, दिवाबत्ती, औषधं, संकीर्ण. प्रत्येक डब्याला, पिंपाला, गोणीला तेलरंगाने क्रमांक घातला. एक ते सव्वीस. हौद्यातली प्रत्येकाची जागा कागदावर आखली. नियम दोनच केले. जड ते खाली आणि केबिनकडे. नेहमी लागणारं फाळक्याकडे, क्वचित लागणारं आत. सगळ्या सुऱ्या-विळ्या एका पेटीत. सगळ्या काडेपेट्या आणि मेणबत्त्या एका डब्यात. सगळे झारे, उलथणी, पळ्या एका गोणीत. बँकेत मुदत ठेवींचं लेजर वेगळं, बचत खात्याचं वेगळं, कर्जाचं वेगळं. एका प्रकारची चीज एका ठिकाणी असली की ती सापडते यावर माझी श्रद्धा होती. ट्रक भरून झाल्यावर मी यादीची एक प्रत केबिनमध्ये चिकटवली आणि एक खिशात ठेवली. आक्का तेव्हा बाजूला उभ्या होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, "लई झ्याक लावलंय सायेब. आमाला वाचता आलं पायजे."

मी ते कौतुक समजलो.

नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर करत आम्ही आळंदीला पोचलो. वाटेत अडचण आली नाही, कारण या मुक्कामांना ओळखीची गावं. तिथे पंगती ठरलेल्या. आमची चूल क्वचितच पेटली. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीतून निघाली, पुण्याचे मुक्काम झाले आणि एकादशी उजाडली. त्या वर्षी तारीख होती २४ जून.

ज्यांनी वारी केली आहे त्यांना एकादशीचा हा टप्पा वेगळा सांगायला नको. पुण्याहून सासवड, तीस किलोमीटरच्या वर चाल, मध्ये दिवे घाट, आणि दिवसभर उपवास. पण दिवे घाट चढण्याचं भाग्य कुणीही सोडत नाही. एरवी स्वयंपाकाच्या चार-पाच बायका ट्रकबरोबर पुढे जातात. त्या दिवशी त्याही चालल्या. त्यांचा हक्कच होता तो. ट्रकबरोबर ड्रायव्हर, किन्नर आणि मी असे तिघेच सासवडला आलो. वाटेत वाहनांच्या रांगेत तासन्‌तास गेले. नेमून दिलेल्या जागी ट्रक लावला तेव्हा दिवस मावळत आला होता. राहुट्या उभारायच्या म्हणून खुंट्यांचा शोध घेतला, तर खुंटे तंबूच्या सामानात आणि ते ठोकायचा घण हत्यारांत. एक उजव्या कडेला, एक डाव्या कडेला आत. कशाबशा तीन राहुट्या उभ्या राहिल्या. अंधार पडला.

माणसं यायला लागली. पाय ओढत, पण तोंडाने नामघोष चालू. आक्का सगळ्यांच्या पुढे. पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "सायेब, साबुदाना भिजला का?"

मी खिशातली यादी काढली, बॅटरी लावली. "उपवासाचं सामान तेवीस नंबरला आहे," मी म्हणालो.

"नंबर नको वो. साबुदाना."

तेवीस नंबर केबिनला लागून, सगळ्यांच्या तळाशी होता. माझ्या नियमाप्रमाणे तो बरोबर जागी होता. उपवास महिन्यातून दोनदाच येतो. फक्त त्यातला पहिला उपवास त्याच दिवशी होता, एवढं पंचांगात असूनही माझ्या यादीत नव्हतं. आणि गोणी वर असती तरी काय झालं असतं? साबुदाणा भिजायला काही तास लागतात. तो पहाटे पुण्यातून निघतानाच भिजवून, झाकण बांधून, गाडीत ठेवायला हवा होता. म्हणजे ती गोणी रात्री नव्हे, पहाटे तीनला हाताशी लागणार होती. वस्तू कुठे ठेवली आहे हे मला तोंडपाठ होतं. तिला हात कधी लागणार याचा मी विचारच केला नव्हता.

मग रात्री दहाच्या पुढे, शेतात, मोबाइलच्या उजेडात सगळा ट्रक रिकामा केला. आक्कांनी ताडपत्री अंथरायला घेतली, पायाखाली सराटे रुतले, आणि त्यांनी मला तो प्रश्न विचारला : "केरसुनी कुठंय?" केरसुणी संकीर्णमध्ये होती. एकोणीस नंबर. ज्यांचे पाय दिवसभर चालून सोलवटले होते ती माणसं काट्यांवर अंथरलेल्या ताडपत्रीवर बसली. साबुदाण्याचा नाद सोडून शेवटी भगर शिजवली, ती भिजवावी लागत नाही. दाण्याची आमटी केली. पहिली ताटं वाढली तेव्हा बारा वाजून गेले होते. एक म्हातारे वारकरी तोपर्यंत झोपून गेले होते. दुपारी वडकी नाल्यावर कुणीतरी वाटलेली दोन केळी, तेवढंच त्यांच्या पोटात. सकाळी मी त्यांच्यापुढे गेलो तर तेच माझ्या पाया पडले आणि म्हणाले, "माउली, पोट भरलेलंच व्हतं."

कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

*

द्वादशीला पालखीचा मुक्काम सासवडलाच असतो. तो दिवस मला मिळाला. सकाळी मी यादी आक्कांपुढे ठेवली आणि म्हणालो, "तुम्ही सांगा, मी भरतो." त्या एका पालथ्या घमेल्यावर बसल्या. यादीकडे त्यांनी पाहिलं नाही. एकेक वस्तू पुढे आणायला सांगायच्या आणि तिच्याविषयी तीन गोष्टी विचारायच्या : हे कवा लागतं, कुणाला लागतं, आणि त्या वक्ताला तिच्या दुसऱ्या हातात काय असतं.

हा तिसरा प्रश्न मला कधीच सुचला नसता. चहा करणाऱ्या बाईच्या एका हातात उकळत्या टोपाची सांडशी असते. तिला गाळणं हवं तेव्हा ती दुसऱ्या गोणीची गाठ सोडू शकत नाही. म्हणून चहाची पेटी एकच : चहा, साखर, आलं, ते ठेचायला बत्ता, गाळायचं फडकं, सांडशी, काडेपेटी. भाकरीची गोणी वेगळी : तीन-चार दिवसांचं पीठ, परात, तवे, उलथणं, तव्यावर पाणी फिरवायचं फडकं, आणि तिच्यातही एक काडेपेटी. भाजीच्या पिंपात विळी, झारा, मिठाचा डबा. "मग मीठ दोन ठिकाणी, काडेपेट्या तीन ठिकाणी होतील," मी म्हणालो. "व्हऊ द्या की," त्या म्हणाल्या. "काडीपेटी काय सोन्याची हाये?" मी सामान जिनसवार लावलं होतं. त्या ते कामवार लावत होत्या. जिनसवार लावलेलं सामान मोजायला सोपं. कामवार लावलेलं वापरायला सोपं. मी आयुष्यभर मोजण्याची नोकरी केली, त्यामुळे मला फरक कळायला सासवड गाठावं लागलं.

जड खाली हा माझा नियम मात्र त्यांनी ठेवला. ज्वारी-बाजरीची पोती तळाशीच राहिली. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरलं तरी ऐंशी माणसांना रोजचं चाळीस किलो लागतं. एवढं वजन वर रचलं तर घाटात गाडी डोलते. आणि धान्य खोल गेलं तरी चालतं, कारण ते दळायला चार दिवसांतून एकदाच काढायचं. बाजरीचं पीठ फार दिवस टिकत नाही, कडू पडतं. म्हणून धान्य बरोबर न्यायचं आणि वाटेतल्या गिरणीत दळून घ्यायचं. गॅसच्या टाक्या मी आत नेऊन ठेवल्या होत्या. त्या त्यांनी फाळक्याच्या कोपऱ्यात उभ्या बांधायला लावल्या. "वास आला तर कळाया पायजे," एवढंच त्यांचं कारण. शास्त्रही तेच सांगतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, तळाशी साचतो. ताडपत्रीने झाकलेल्या हौद्यात तो आत साचणं म्हणजे काय, हे सांगायला नको. टाकी उभी, रेग्युलेटर काढलेला, मोकळ्या हवेच्या बाजूला. डिझेलचा कॅन पिठापासून दूर, कारण पीठ वास ओढून घेतं. कांदा जाळीच्या गोणीत, वाऱ्याला.

आणि हौद्याच्या वरच्या लोखंडी कमानीला एक दोरी. तिला उद्याचं सामान टांगलेलं. भिजवून फडक्यात बांधलेली मटकी दोरीला लोंबकळत दोन गावं चालते आणि मुक्कामाला पोचेपर्यंत तिला मोड आलेले असतात. गाडी चालू असतानाही निम्मा स्वयंपाक चालूच असतो, ही गोष्ट माझ्या चार फुलस्केपांत कुठेच नव्हती.

क्रमांकांचं काय करायचं हा प्रश्न उरला. बहुतेक बायकांना ते उपयोगाचे नव्हते. मी रंगीत चिंध्या बांधायचं सुचवलं. लाल म्हणजे चहा, हिरवी म्हणजे भाकरी. आक्का म्हणाल्या, "अंधारात रंग दिसतो का?" मग त्यांनी जुन्या लुगड्याच्या दशा काढून प्रत्येक गोणीच्या तोंडाला गाठी मारल्या. एक गाठ चहा, दोन गाठी भाकरी, तीन गाठी भाजी. उपवासाच्या गोणीला चिंधीची वेणी घातली. रात्री कितीही काळोख असो, हात घातला की कळतं.

फाळका उघडल्याबरोबर हाताला सगळ्यांत आधी लागते ती केरसुणी. मग घण आणि खुंटे, मग ताडपत्री, मग पाणी, मग चहाची पेटी. आधी जमीन झाडायची, मग निवारा, मग घोटभर चहा. त्यानंतर माणूस उरलेल्या स्वयंपाकाची वाट बघू शकतो.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मला खाली उभं राहून दिसली. ट्रकचा हौदा आक्कांच्या छातीला लागतो. इतकी वर्षं पुरुष वर चढून सामान रचायचे आणि बायका खालून मागायच्या. वर उभं राहिलेल्याला सगळं दिसतं. त्याला वाटतं, इथेच तर आहे. खालच्या बाईला फक्त कडेवरचं वीतभर दिसतं. म्हणून आक्कांचा सगळा हिशोब त्या वीतभर कडेचा होता. न चढता, न मागता, हाताला काय येईल? काउंटरच्या आतल्या बाजूला मी पस्तीस वर्षं बसलो. खिडकीबाहेर उभ्या माणसाला आतलं किती दिसतं, हे पाहायला मी बाहेर येऊन उभा राहिलो नाही.

*

पुढे कधीतरी वाचताना मला अमेरिकेतल्या एका गाडीची माहिती सापडली. टेक्सासमधून गुरांचे हजारोंचे कळप महिनोन्‌महिने चालवत नेणारा चार्ल्स गुडनाइट नावाचा पशुपालक होता. त्याने १८६६ साली लष्कराची एक जुनी गाडी घेतली आणि तिच्या मागच्या बाजूला खणांचं एक कपाट बसवलं. कपाटाचं झाकण खाली पाडलं की त्याचंच टेबल व्हायचं. कॉफी, पीठ, मसाले, भांडी असं सगळं स्वयंपाक्याच्या हाताशी. कडेला पाण्याचं पिंप. गाडीचं पुढचं तोंड प्रवासासाठी, मागचं तोंड स्वयंपाकासाठी. आज जगभर हौशी लोक गाड्यांच्या मागे जे खण बसवतात त्यांचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही. माझ्या पुतण्याच्या गाडीचं मागचं दार आणि आमच्या ट्रकचा फाळका, दोघांचं त्याच्याशी नातं आहे. घोड्यावर शेवटी कोंबडी बांधणारी धनगरीण तर त्यालाही वडीलधारी.

पुतण्याला मी हे सगळं सांगितलं. तो हुशार आहे. त्याने आक्कांना ओट्यावर बसवलं आणि त्यांच्यासमोर सगळे खण पुन्हा रिकामे केले. काडेपेट्या तीन ठिकाणी गेल्या. चहाचं सगळं एका खणात आलं. टपावर बांधलेली जड पेटी खाली आली. शेगडीचा गॅस दाराच्या बाजूला आला. केरसुणी बसवण्यासाठी एक घडीची खुर्ची काढून ठेवावी लागली. ती अजून माझ्या ओटीवर आहे. "आजी, तुम्ही चला बरोबर," तो म्हणाला. आक्का म्हणाल्या, "गुडघं तुझ्या खनात बसत्याल का?"

त्या थट्टेने मी मात्र अस्वस्थ झालो. सासवडनंतर आमच्या दिंडीचा ट्रक कधी अडला नाही. पण तो आक्कांच्या जोरावर. त्या नसतील तेव्हा काय? जुने दोन गडी गेले तेव्हा हेच झालं होतं. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. त्यात अविश्वास असतो असं लोकांना वाटतं. मला ते वेगळं दिसतं. सगळं एकाच माणसाच्या हातात नसावं, म्हणजे तो आजारी पडला तरी सकाळी दहाला बँक उघडते. आपल्याकडे घरोघरी असं किती शहाणपण एकाच किल्लीवर चाललेलं आहे! लोणच्याची बरणी कधी हलवायची, बी कुठलं राखायचं, कुठल्या पाहुण्याला काय चालत नाही. ती बाई उठली की कुलूप तसंच राहतं. आणि दुसरी किल्ली करून घ्यायची असते हे आपल्याला तिच्या तेराव्याला सुचतं.

मी हा विषय बैठकीत काढला. दिंडीच्या बैठकीला आता स्वयंपाकाच्या बायका असतात; सासवडनंतरचा तेवढा एक बदल माझ्या खात्यावर जमा धरायला हरकत नाही. ठरलं असं की ट्रक ज्यांना वापरायचा त्यांनीच भरायचा. पुरुषांनी वजनं उचलून द्यायची, जागा बायकांनी सांगायची.

गेल्या आषाढीला आक्का गेल्या नाहीत. गुडघ्यांनी नाहीच म्हटलं. त्यांची सून आणि आणखी तिघी हौद्यात चढल्या. पोरं खालून पोती देत होती. माझ्याकडे पावत्या आणि गाडीची कागदपत्रं, एवढंच काम उरलं होतं. आक्का रस्त्याच्या कडेला त्या घडीच्या खुर्चीत बसून होत्या. मधे एकदा त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सुनेने चिंध्यांच्या गाठी नव्याने मारल्या होत्या. उपवासाच्या वेणीत तिने आपल्या साडीचा काठ गुंफला होता.

भरणी झाली. फाळका लावायच्या आधी आक्का उठल्या, हळूहळू ट्रकमागे आल्या. आत बघितलंच नाही. तोंड पताकांकडे होतं. फक्त उजवा हात कोपरापर्यंत आत घातला, इकडेतिकडे फिरवला आणि बाहेर काढला.

"हाये," त्या म्हणाल्या. "लावा फाळका."